ॲडहेसिनची रचना बघायला प्रोटीन डेटा बँक आणि अल्फाफोल्ड : भरवसा कुठे ठेवायचा, कुठे नाही

ॲडहेसिन म्हणजे जिवाणूला चिकटायला मदत करणारी प्रथिनं. त्यांनी जिवाणू यजमान पेशीला नेमका कसा धरतो हे अणूंच्या पातळीवर बघायचं असेल, तर दोन जागा सगळ्यांना खुल्या आहेत. पहिली प्रोटीन डेटा बँक, म्हणजे प्रयोगातून ठरवलेल्या रचनांचं १९७१ पासूनचं कोठार. दुसरा अल्फाफोल्डचा डेटाबेस. तिथे अमिनो आम्लांच्या क्रमावरून संगणकाने वर्तवलेल्या रचना आहेत. तो जुलै २०२१ मध्ये सुरू झाला आणि वर्षभरात २० कोटींच्या पुढे गेला. दोन्ही फुकट, दोन्हीकडे खातं न उघडता फाईल उतरवता येते. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात, पण इथे ते मोजायलाच हवेत. कारण ॲडहेसिनच्या बाबतीत चुकीची फाईल उघडली तरी चित्र छानच दिसतं, फक्त निष्कर्ष उलटा निघतो.

याचं मूळ या प्रथिनांच्या कामातच आहे. एन्झाइमचा खिसा बहुधा एकाच ठरलेल्या रूपात कामाचा असतो. ॲडहेसिन मात्र अनेकदा शेजारच्या प्रथिनाची पट्टी उसनी घेऊन उभं असतं, साखर मिळाली की आकार बदलतं आणि ओढ बसली की आणखी घट्ट धरतं. फाईलमध्ये यातला एकच क्षण गोठलेला असतो. तो कुठला, हे पानाच्या शीर्षकावरून कळेलच असं नाही.

फिमएचवरून हे सगळ्यात चांगलं कळतं. (रचनांचे कोड इथे उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत, शोधताना रोमन अक्षरांत टाकावेत. १केएलएफ म्हणजे आकडा एक आणि पुढे के, एल, एफ.) ई. कोलायच्या टाइप-१ पायलसच्या, म्हणजे जिवाणूच्या अंगावरच्या केसासारख्या तंतूच्या, टोकावरचं हे ॲडहेसिन मूत्राशयाच्या पेशींवरच्या मॅनोज असलेल्या साखळ्या पकडतं. पक्व प्रथिन २७९ अमिनो आम्लांचं. पहिली साधारण १५८ म्हणजे लेक्टिन भाग, तो साखर धरतो. उरलेला पिलिन भाग पायलसला जोडलेला असतो. हा पिलिन भाग स्वतःच्या जिवावर पुरा घडत नाही. इम्युनोग्लोब्युलिनसारख्या घडीतली शेवटची बीटा पट्टी त्याच्यात नसतेच. पायलसमध्ये शेजारचं फिमजी हे प्रथिन आपलं एन-टोक, म्हणजे साखळीची सुरुवात, त्या खाचेत घालतं. त्याआधी, जिवाणूच्या दोन पटलांच्या मधल्या जागेत, फिमसी नावाचं शॅपरोन, म्हणजे घडी घालायला मदत करणारं प्रथिन, आपली एक पट्टी तात्पुरती उसनी देतं.

आता फाईली. १९९९ मध्ये जाहीर झालेली १क्यूयूएन ही फिमसी आणि फिमएच यांच्या जोडीची रचना, रिझोल्यूशन सुमारे २.८ अँगस्ट्रॉम (आकडा जितका लहान तितकं चित्र स्पष्ट). तिच्या साखरेच्या खिशात काहीतरी बसलेलं दिसतं आणि नवखा माणूस ते मॅनोज समजतो. ते मॅनोज नाही. स्फटिक वाढवताना घातलेलं सी-हेगा नावाचं रसायन तिथे जाऊन बसलं आहे. मॅनोज हवं असेल तर २००२ मधली १केएलएफ उघडायची. या दोन्ही फाईलींत जोडीच्या आठ प्रती आहेत, त्यामुळे पडद्यावर एकदम सोळा साखळ्यांचा गुंता येतो. ए आणि बी ठेवून बाकीच्या लपवल्या की चित्र मोकळं होतं: ए हे शॅपरोन, बी हे फिमएच.

खिशाचा बारकाईने अभ्यास करायला या दोन्हींपेक्षा १यूडब्ल्यूएफ सरस. २००५ मधली, फक्त लेक्टिन भागाची, ब्यूटाइल मॅनोसाइडसह, १.७ अँगस्ट्रॉमच्या आसपास. इथे पाण्याचे रेणूही विश्वासाने बघता येतात. मॅनोजच्या भोवती पहिल्या फिनाइलअलानिनचा मोकळा अमिनो गट, ५४ वं ॲस्पार्टेट, १३३ वं ग्लुटामिन, १३५ वं ॲस्परॅजिन आणि १४० वं ॲस्पार्टेट दिसायला हवीत. त्यांच्यापासून साखरेच्या ऑक्सिजनपर्यंतची अंतरं मोजली तर ती २.६ ते ३.२ अँगस्ट्रॉममध्ये बसतात. खिशाच्या तोंडाशी ४८ वं आणि १३७ वं टायरोसिन दोन दारांसारखी उभी आहेत आणि ब्यूटाइलची शेपटी त्यांच्याकडे जाते. अल्काइल शेपटी लांबली की पकड का वाढते, ते इथे डोळ्यांनी दिसतं. सुट्या लेक्टिन भागावर मोजलेले आकडे असे आहेत (विघटन स्थिरांक जितका लहान तितकी पकड घट्ट): साध्या मॅनोजचा विघटन स्थिरांक सुमारे २.३ मायक्रोमोलर, ब्यूटाइल मॅनोसाइडचा ०.१५ मायक्रोमोलर, हेप्टाइलचा ५ नॅनोमोलर.

मात्र 'सुट्या लेक्टिन भागावर' हे शब्द अधोरेखित करून ठेवावेत. डॉकिंग (रेणू खिशात कसा बसेल ते संगणकावर अजमावणं) करणारे बहुतेक जण चांगल्या रिझोल्यूशनच्या मोहाने हीच फाईल उचलतात. मग संगणकात रेणू उत्तम बसतो आणि खऱ्या पायलसवर तितकासा बसत नाही. कारण २०१० च्या ३जेडब्ल्यूएन मध्ये सापडतं. तिथे फिमसी, फिमएफ, फिमजी आणि फिमएच असं पायलसचं अख्खं टोक आहे, साखर नाही. यात लेक्टिन भाग पिलिन भागावर टेकलेला, काहीसा दबलेला आणि पिळलेला आहे. ८ ते १६ क्रमांकांचं वळण, जे साखर आल्यावर तिला वरून चिमटतं, ते बाजूला सरकून खिसा उघडा पडलेला आहे. ही सैल पकडीची अवस्था. १केएलएफ मध्ये शॅपरोनने दोन भाग एकमेकांपासून दूर ठेवले आहेत आणि १यूडब्ल्यूएफ मध्ये पिलिन भागच नाही, त्यामुळे दोन्हीकडे घट्ट पकडीची अवस्था दिसते. लघवीच्या प्रवाहाने जिवाणू ओढला गेला की हे भाग एकमेकांपासून सुटतात आणि फिमएच सैलावरून घट्ट अवस्थेत जातं. ओढल्यावर घट्ट होणारा बंध म्हणतात तो हाच. एकच फाईल बघून तो समजत नाही.

हा फरक स्वतः बघायचा असेल तर कायमेरा-एक्स या रचना बघायच्या प्रोग्राममध्ये १यूडब्ल्यूएफ आणि ३जेडब्ल्यूएन दोन्ही उघडा. फिमएचची साखळी कुठली हे पानावरच्या रेणूंच्या तक्त्यातून बघा, अंदाजाने अक्षर निवडू नका. मग रचना एकमेकींवर जुळवणाऱ्या त्याच्या मॅचमेकरला सगळी साखळी न देता लेक्टिन भागाचे क्रमांक द्या, १ ते १५० पुरेत. दोन्हींत पिलिन भाग असलेल्या रचना जुळवताना, म्हणजे १केएलएफ आणि ३जेडब्ल्यूएन समोरासमोर ठेवताना, पूर्ण फिमएच दिलं तर हमखास घोटाळा होतो. प्रोग्राम दोन भागांची मिळून तडजोड करतो, दोन्ही थोडे थोडे हुकतात आणि आकार बदललेल्या जागा त्या गोंधळात झाकल्या जातात. जुळणी नीट झाली की तीन ठिकाणी नजर ठेवा: ८ ते १६ चं वळण, ११२ ते ११८ चं वळण आणि दोन भागांना जोडणारा १५४ ते १६० चा दुवा. मधला दुवा आणि ११२ चं वळण खिशापासून बरंच दूर आहेत, तरी तिथला बदल पट्ट्यांच्या पिळातून खिशापर्यंत पोचतो.

पाण्याबद्दल थोडं. डॉकिंगआधी सगळं पाणी पुसून टाकायची सवय असते. फिमएचच्या खिशात मॅनोज आणि प्रथिन यांच्यामध्ये बसलेला पाण्याचा एक रेणू निरनिराळ्या रचनांत पुन्हा पुन्हा दिसतो. तो पुसला की साखरेची एक बाजू अधांतरी राहते. त्याउलट २.८ अँगस्ट्रॉमच्या रचनेत दिसणाऱ्या प्रत्येक पाण्यावर विश्वास टाकणं हा भाबडेपणा.

आता अल्फाफोल्ड. ई. कोलायच्या के-१२ वाणाच्या फिमएचचा युनिप्रोट (प्रथिनांच्या क्रमांचा डेटाबेस) क्रमांक पी०८१९१, आणि त्या नावाचं मॉडेल डेटाबेसमध्ये आहे. उघडताक्षणी दोन अडचणी उभ्या राहतात. युनिप्रोटमधला क्रम ३०० अमिनो आम्लांचा आहे, कारण त्यात २१ अमिनो आम्लांचा सिग्नल पेप्टाइड (प्रथिन पक्व होताना कापला जाणारा सुरुवातीचा तुकडा) धरलेला आहे. म्हणजे शोधनिबंधातलं ४८ वं टायरोसिन इथे ६९ वं आणि १३५ वं ॲस्परॅजिन इथे १५६ वं. हे गणिताने सुटतं. दुसरी अडचण मात्र रसायनाची आहे. पक्व फिमएचमध्ये पहिल्या फिनाइलअलानिनचा अमिनो गट मोकळा असतो आणि तोच मॅनोजशी हायड्रोजन बंध करतो. मॉडेलमध्ये तेच फिनाइलअलानिन २२ व्या जागी आहे, त्याचा नायट्रोजन मागच्या अमिनो आम्लाशी पेप्टाइड बंधात अडकलेला आहे आणि सिग्नल पेप्टाइडची शेपटी तिथेच चिकटलेली आहे. अशा मॉडेलमध्ये मॅनोज घालायचा प्रयत्न केला तर ते नीट बसणारच नाही. उपाय सोपा आहे: पहिली २१ काढा, नव्या पहिल्या नायट्रोजनवर तीन हायड्रोजन आणि धनप्रभार आहे ना ते तपासा. प्रोटॉनेशन करणारे, म्हणजे हायड्रोजन घालणारे, काही प्रोग्राम कापलेल्या टोकावर ॲसिटाइल टोपी चढवून ठेवतात, ती काढावी लागते.

रंगांचं प्रकरणही फसवं आहे. अल्फाफोल्ड आपला विश्वासांक, म्हणजे पीएलडीडीटी, फाईलच्या बी-फॅक्टरच्या रकान्यात ठेवतो. ९० च्या वर गडद निळा, ७० ते ९० फिकट निळा, ५० ते ७० पिवळा, त्याखाली नारिंगी. डेटा बँकेच्या क्ष-किरण रचनेत त्याच रकान्यातला मोठा आकडा म्हणजे तो अणू डळमळीत, अल्फाफोल्डमध्ये मोठा आकडा म्हणजे खात्रीचा. दोन्हींना एकच रंगपट्टी लावली तर एका चित्रात लाल म्हणजे सैल आणि दुसऱ्यात लाल म्हणजे भक्कम. प्रबंधांच्या आकृत्यांत ही चूक सहज शिरू शकते.

पीएलडीडीटी सांगतो तो घडीपुरता. दोन भाग एकमेकांशी कुठल्या कोनात आहेत हे सांगायला पीएई नावाचा चौकोनी आलेख आहे आणि फिमएचसारख्या प्रथिनात तोच आधी बघायचा. लेक्टिन आणि पिलिन यांच्यामधला चौकोन गडद असेल तर मॉडेलला त्या कोनाची खात्री आहे, फिकट असेल तर तो कोन जवळजवळ नाणेफेकीचा. आणि खात्री असली तरी ती एकाच अवस्थेची. ओढलेलं आणि न ओढलेलं अशी दोन उत्तरं तिथे मिळत नाहीत.

उसन्या पट्टीचं काय? बहुतांश नोंदी एकट्या साखळीच्या आहेत, त्यामुळे शेजाऱ्याची पट्टी दिसायचा प्रश्नच नाही. पिलिनची खाच रिकामी राहते किंवा स्वतःचंच टोक भलतीकडे वळतं. ती अवस्था हवी असेल तर अल्फाफोल्ड सर्व्हरवर स्वतः चालवावं. तिथे गूगल खातं लागतं, रोजच्या कामांची मर्यादा आहे, व्यावसायिक वापराला परवानगी नाही. एक साखळी म्हणून सिग्नल पेप्टाइड काढलेलं फिमएच द्या, दुसरी साखळी म्हणून फिमजीच्या पक्व क्रमाची पहिली १४ अमिनो आम्लं. उत्तर आलं की पट्टीची दिशा तपासा. शॅपरोनची पट्टी पिलिन भागाच्याच एफ नावाच्या पट्टीला समांतर बसते, शेजारच्या पिलिनची पट्टी उलट दिशेने. इथे उलट दिशा आली नसेल तर ते मॉडेल टाकून द्या. क्रम देताना युनिप्रोटमधून जसाच्या तसा चिकटवला तर सिग्नल पेप्टाइड पुन्हा आत येतं, आणि फिमजीच्या बाबतीत तर ते थेट पट्टीच्या तोंडाशी अडतं.

बाकीच्या ॲडहेसिनमध्ये प्रत्येकाची खोड वेगळी. लिस्टेरियाचं इंटरनॅलिन-ए आणि माणसाचं ई-कॅडहेरिन यांची जोडी १ओ६एस मध्ये आहे आणि ही फाईल कोणालाही बिनधास्त सुचवावी. ल्युसीन-समृद्ध आवर्तनांच्या वाकड्या पट्ट्याने कॅडहेरिनच्या पहिल्या भागाला कवेत घेतलेलं दिसतं. सहाव्या आवर्तनात एक अमिनो आम्ल कमी आहे. त्यामुळे तिथे एक पाणी नावडणारी खोबण तयार झाली आहे आणि कॅडहेरिनचं १६ वं प्रोलिन नेमकं तिच्यात शिरतं. उंदराच्या ई-कॅडहेरिनमध्ये त्या जागी ग्लुटामेट आहे, प्रभारित आणि लांब, म्हणून तिथे जुळत नाही. साध्या उंदरात तोंडावाटे लिस्टेरियाचा संसर्ग नीट घडवता येत नाही, त्यामागे हे एक अमिनो आम्ल आहे. म्हणून शोधताना प्रजातीची चाळणी लावल्याशिवाय कॅडहेरिनची फाईल घेऊ नये.

स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिसच्या एसडीआर-जीसाठी दोन फाईली शेजारी ठेवायच्या: १आर१९ रिकामी, १आर१७ फायब्रिनोजेनच्या पेप्टाइडसह. पेप्टाइड दोन भागांच्या फटीत जातं, वरून एक पट्टी येऊन झाकण घालते आणि तिचं टोक शेजारच्या भागात खिळतं. फक्त १आर१७ बघणाऱ्याला वाटतं की पेप्टाइड बंद बोगद्यात शिरलं कसं. शिरताना बोगदा उघडा होता, हे १आर१९ दाखवते. हा बंध तोडायला दोन नॅनोन्यूटनपेक्षा जास्त बल लागतं असं २०१८ मध्ये मोजलं गेलं. सहसंयुज बंधाच्या आसपासची ही ताकद, आणि ती येते पेप्टाइडच्या कण्यातल्या हायड्रोजन बंधांच्या रांगेतून.

खरोखरीचे सहसंयुज बंध बघायचे तर स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनीसच्या पायलसचं पिलिन, ३बी२एम. त्यात लायसिन आणि ॲस्परॅजिन यांच्या बाजूच्या साखळ्या आपोआप आयसोपेप्टाइड बंधाने जुळलेल्या आहेत. प्रयोगाच्या फाईलमध्ये हा बंध वेगळ्या नोंदीत लिहिलेला असतो आणि काही प्रोग्राम ती नोंद वाचतच नाहीत. अल्फाफोल्ड दोन्ही अमिनो आम्लं जवळ आणून ठेवतो पण बंध काढत नाही. अशा मॉडेलवर ऊर्जा कमी करण्याची पायरी चालवली की प्रोग्रामला ते दोन अणू फार जवळ आल्यासारखे वाटतात आणि तो त्यांना दूर ढकलतो. बंध आधी हाताने घोषित करायचा, मग पुढची पायरी.

यर्सिनियाच्या याड-एसारख्या तीन साखळ्यांच्या ॲडहेसिनमध्ये असममित एकक (फाईलमध्ये थेट नोंदलेला स्फटिकाचा मूळ तुकडा) आणि जैविक संच (प्रत्यक्ष काम करणारं पूर्ण प्रथिन) यातला फरक नडतो. १पी९एच बघताना 'बायॉलॉजिकल असेंब्ली' निवडली आहे ना ते बघून घ्या. एकट्या साखळीत कोलॅजेन धरणारा पृष्ठभाग पुरता तयारच होत नाही. अवाढव्य ॲडहेसिन असेल तर मात्र दोन्ही ठिकाणी निराशा ठरलेली. साल्मोनेलाच्या एसआयआय-ईमध्ये साडेपाच हजारांवर अमिनो आम्लं आणि ५३ इम्युनोग्लोब्युलिन भाग आहेत. प्रयोगाने दाखवलेल्या रचनेत त्यातले ५० ते ५२ हे तीनच. अल्फाफोल्ड डेटाबेसला लांबीची मर्यादा आहे, साधारण २,७००, आणि युनिप्रोटच्या मोठ्या भागासाठी १,२८०. तुकडे करून चालवावं लागतं, आणि भागांच्या सांध्यांवर बसून दांडा ताठ ठेवणारे कॅल्शियमचे आयन डेटाबेसच्या मॉडेलमध्ये नसतात. अल्फाफिल नावाची सेवा साम्यावरून आयन आणि लिगँड (प्रथिनाला चिकटणारे छोटे रेणू) घालून देते, तेवढ्यापुरती ती उपयोगी आहे.

साखरांवर स्वतंत्र नजर हवी. डेटा बँकेत अल्फा मॅनोज आणि बीटा मॅनोज यांचे तीन अक्षरी कोड वेगळे आहेत, गॅलॅक्टोजचंही तसंच. मूत्रपिंडाला चिकटणाऱ्या पॅप-जीच्या १जे८आर मध्ये दोन गॅलॅक्टोजमधला जोड अल्फा १-४ आहे आणि ओळख त्यावरच अवलंबून आहे, त्यामुळे तिथे अल्फा-बीटाची गफलत परवडत नाही. २०२० मध्ये बँकेने सगळ्या साखरांची नावं आणि जोडण्या नव्याने एकसारख्या केल्या. त्याआधी उतरवून ठेवलेल्या फाईली असतील तर पुन्हा उतरवाव्यात. मॅनोजचं वलय खुर्चीच्या नेहमीच्या रूपात नसून होडीसारखं दिसलं तर ती मांडणी आधी चुकीचीच समजावी. मग प्रमाणीकरण अहवालात त्या लिगँडचा प्रयोगात मिळालेल्या इलेक्ट्रॉन घनतेशी सहसंबंध बघावा. ०.८ च्या खाली असेल तर त्या साखरेच्या हायड्रॉक्सिलवर सिद्धांत उभा करू नये. इलेक्ट्रॉन घनता ब्राउझरमधल्या मोल-स्टारमध्येच दाखवता येते, वेगळं काही बसवायला लागत नाही. ही सोय उत्तम आहे आणि तरी फार कमी लोक वापरतात.

कुठल्या दारातून आत जायचं, तर अमेरिकेचं आरसीएसबी, युरोपचं पीडीबीई, जपानचं पीडीबीजे, आतला माल एकच. चटकन बघायला आरसीएसबी. एकाच युनिप्रोट क्रमांकाच्या सगळ्या रचनांतले लिगँड एकत्र बघायचे असतील तर पीडीबीई, फिमएचसाठी हे फार सोयीचं पडतं. दोन प्रथिनांमधला संपर्क पृष्ठभाग मोजायला पीडीबीईवरचं पिसा. नावाने शोध मात्र तिन्हीकडे सुमारच: 'ॲडहेसिन' टाकलं तर विषाणूंपासून माणसाच्या पेशींपर्यंत सगळं येतं. युनिप्रोट क्रमांकाने किंवा क्रम टाकून शोधलं तर वेळ वाचतो, आणि नातेवाईक प्रथिनं आकारावरून शोधायला फोल्डसीक.

उतरवताना एमएमसीआयएफ स्वरूप घ्या. त्यात अमिनो आम्लांचे दोन क्रमांक असतात, लेखकांनी दिलेला आणि बँकेने दिलेला. कुठला वापरतोय हे प्रत्येक प्रोग्राममध्ये एकदा तपासून ठेवलं की खिशातलं अमिनो आम्ल चुकत नाही. जुन्या पीडीबी स्वरूपाचा आधार आता कमी होत चालला आहे. चार अक्षरी कोड संपत आल्यावर बारा जागांचे कोड येणार आहेत, सुरुवातीला पीडीबी, मग अधोरेख आणि पुढे आठ अक्षरं, आणि ते जुन्या स्वरूपात मावत नाहीत. कोड वाचणाऱ्या आपल्या स्क्रिप्टमध्ये चार अक्षरांची अट घातलेली असेल तर ती ओळ आजच बदलता येते.